दोन हजार एकशे सत्तर

१

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता श्याम मेकॅनिक हडपसरहून परत आला, हँगरचं दार सरकवून विमानाच्या पोटाखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

डाव्या चाकाच्या दांडीत बाभळीची फांदी अडकली होती. काट्यांसकट. पानं अजून टवटवीत. चाकावरचं पांढरं कव्हर मधोमध तडकलेलं.

धावपट्टीच्या टोकाला, कुंपणाबाहेर, बाभळींची एक रांग आहे. म्हणजे विमान तिच्या शेंड्यांना घासून गेलं होतं. आणखी दोन हात खाली असतं तर आज श्याम फांदी काढत बसला नसता, माणूस काढत बसला असता.

'गगनवेध' ही विमान शिकवणारी संस्था हडपसरच्या पलीकडे माळावर आहे. त्या दिवशी तिच्या वहीत एकाच उड्डाणाची नोंद होती. सोलापूरहून एकटीनं विमान आणून सकाळी दहाला उतरलेली विद्यार्थिनी, कादंबरी.

२

शुक्रवारी सकाळी वारज्याच्या राममंदिरात कौशल्याबाई टिल्लूंच्या कीर्तनाची तालीम होती. वय अडुसष्ट, नऊवारी, कपाळाला बुक्का, आवाज असा की माइकवाल्यानं माइक गुंडाळून घरी जावं. चौतीस वर्षं त्या वेधशाळेत निरीक्षक होत्या. ठरल्या वेळी हवेचा दाब वाचायचा आणि वहीत उतरवायचा. निवृत्त झाल्यावर सरकारनं वही ठेवून घेतली, सवय मात्र बाईंबरोबर घरी आली. देवघराशेजारी त्यांचा स्वतःचा वायुभारमापक टांगलेला होता. रामाला फूल आणि यंत्राला नजर, दोन्ही वेळेवर.

त्या दिवशी बापूराव तीनदा समेवर चुकले.

बापूराव मूळचे वर्ध्याकडचे, खडकीच्या कारखान्यात कामाला, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. अकरा वर्षं बाईंच्या मागे तबल्याला बसत होते आणि अकरा वर्षांत एकदाही सम चुकली नव्हती.

बाईंनी झांजा खाली ठेवल्या. "बापूराव, काय झालं?"

"काही नाही जी."

"काही नाही असं तीनदा होत नसतं."

तबल्यावर हात ठेवून बापूराव म्हणाले, "ताई, माह्या पोरीले काढून टाकून राहिले. उद्या दहा वाजता फैसला आहे. पुढच्या गुरुवारी तिची शेवटची परीक्षा होती. आता रिपोर्ट दिल्लीले गेला, की जन्मात लायसन नाही भेटत. विमान झाडाले घासलं म्हणते. पोरगी म्हणते, मी घासलंच नाही. रडूनही नाही राहिली. भिंतीकडे पाहून राहिली नुसती."

"तुम्हाला काय वाटतं?"

"ती दुसरीत होती तवा बरणीतला लाडू खाल्ला, अन् मी विचारायच्या आधी येऊन सांगितलं जी."

कौशल्याबाईंनी मूर्तीकडे पाहिलं आणि पदर खोचला. "रामकृष्णहरी. स्कूटर काढा."

३

गगनवेधच्या रेडिओच्या खोलीत शेफाली बसली होती. येणाऱ्या विमानाशी बोलायचं तिचं काम.

"बसा म्हणणार नाही, खुर्ची एकच आहे," ती म्हणाली.

"उभं राहून बोलायची सवय आहे मला, कीर्तनकार आहे मी. कादंबरी उतरत होती तेव्हा काय बोलणं झालं?"

"नऊ बावन्नला तिनं खाली यायला सुरुवात केली. मी इथला हवेचा दाब सांगितला, १००८ मिलिबार. तिनं तोच आकडा परत म्हणून दाखवला. नियमच आहे तसा. वहीत आहे, वाचा."

"आणि दहानंतर?"

"दहानंतर गुरुवार. बारा ते पाच आमच्याकडे वीज नसते. विजेशिवाय रेडिओ म्हणजे पेपरवेट. साडेअकराला कुलूप लावून घरी गेले."

"मग इथे कोण होतं?"

"कॅप्टन विक्रम सर. आणि बाभळी."

कॅप्टन विक्रम मुख्य प्रशिक्षक. उंच, रुबाबदार, बोलण्यात मध. त्यांनी स्वतःहून रजिस्टर उघडलं. संस्थेची एक रीत होती: विद्यार्थी एकटा उतरला, की कशालाही हात लावण्याआधी विमानातल्या सगळ्या तबकड्यांचा फोटो काढायचा, छापायचा, रजिस्टरला चिकटवायचा, वर वेळ घालून सही करायची. वेळ हातानंच, कारण संस्थेच्या जुन्या कॅमेऱ्यातलं घड्याळ कधीच मेलेलं होतं आणि छापून झालं की कार्ड पुसायचा शिरस्ता होता. विमानातलं घड्याळसुद्धा दुरुस्तीला गेलेलं. फोटोत त्या जागी नुसतं गोल भोक दिसत होतं.

"आजी, सोपं करून सांगतो," कॅप्टन म्हणाले. "हा अल्टिमीटर, उंची दाखवणारा काटा. हा फक्त हवेचा दाब ओळखतो. हवा रोज वेगळी, म्हणून कुठल्या दाबापासून मोजायचं ते या खिडकीत आकडा फिरवून त्याला सांगावं लागतं. खूप उंचावर सगळी विमानं एकच आकडा लावतात, १०१३. म्हणजे सगळ्यांचं माप एक, टक्कर नको. पण खाली उतरताना तो काढून त्या गावचा आकडा लावायचा. ती विसरली. बघा, खिडकीत १०१३ तसाच आहे. इथला दाब होता १००८. पाच मिलिबारचा फरक, मिलिबारला तीस फूट. काटा दीडशे फूट जास्त दाखवत होता आणि ही दीडशे फूट खाली होती. त्यात धुरकट हवा. लागली बाभळ."

"समोरची बाभळ दिसली नाही तिला?"

"नवी मुलं काट्याकडे बघतात, बाहेर नाही."

फोटोवर लिहिलं होतं: गुरुवार, स. १०.१०. खाली विक्रम यांची सही. बाईंनी चष्मा सारखा करून खिडकीतला आकडा पाहिला, मग काटा पाहिला आणि दोन्ही वहीत लिहून घेतले. १०१३. दोन हजार एकशे सत्तर फूट.

"कीर्तनात घालणार की काय हे?" कॅप्टन हसले. "देवाधर्माचा विषय नाही हा, आजी."

"नाही कसा? ज्या गावी उतरायचं त्या गावाला विचारून उतरायचं. यापेक्षा मोठा धर्म कुठला?"

४

कादंबरी हँगरमागे दगडावर बसली होती. बाईंना पाहून उठली.

"मावशी, मी १००८ सेट केलं होतं. आकडा फिरवताना मी तो मोठ्यानं म्हणते. बाबा मात्रा म्हणतात ना, तसं. उतरले तेव्हा काटा बरोबर एकोणीसशेवर होता. आपल्या धावपट्टीची उंचीच तेवढी आहे."

"मग उतरल्यावर फोटो?"

"एरवी श्यामदादा काढतात. काल सर म्हणाले, तू जा, दमली असशील, मी काढतो. मला किती बरं वाटलं होतं माहितीये? सर पहिल्यांदाच इतकं छान बोलले."

श्याम जवळच्याच वस्तीवरचा. बाईंनी विचारलं तसा तो हातातला पाना उगाचच पुसू लागला.

"आमी काय बी केलं न्हाई बाई. ती उतारली, मी इमान आत घेतलं, टाकी भारली, अकराला बेअरिंग आणाया गेलो हडपसरला. पाचला आलो तर ही हिरवीगार फांदी."

"आत घेताना चाक पाहिलं होतंस?"

"वाकून न्हाई पाह्यलं. चूक हाय माझी."

"आणि पाचला टाकी कशी होती?"

पाना हातातून निसटून फरशीवर खणखणला. "मला काम हाय बाई," म्हणत श्याम आत गेला आणि दार ओढून घेतलं.

परतताना बापूरावांनी विचारलं, "ताई, काही सापडलं का?"

"शेफाली, कादंबरी, श्याम, तिघंही खरं बोलतायत असं वाटतंय, आणि फोटोही समोर आहे. म्हणजे कुणीतरी खोटं फार व्यवस्थित बोलतंय."

५

दुपारी चार वाजता मंदिरात तालीम पुन्हा सुरू झाली. हरिदासाची कथा मूळ पदावर! बाईंनी आलाप घेतला, बापूरावांनी थाप मारली आणि दोघंही थबकले.

"चढला," बापूराव म्हणाले. "सकाळी पेटीशी नीट मिळवला होता. उन्हानं कातडं ताणलं, चढला." हातोडी घेऊन ते तबला खाली उतरवू लागले.

कौशल्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "बापूराव, सकाळपासून कुणी हात लावला होता याला?"

"कोण लावते जी? गवसणीत होता."

"कुणी हात न लावता सकाळचा सूर दुपारी चढला."

"मे महिना आहे. चढणारच."

बाई उठल्या त्या पायात चपला न घालताच घराकडे निघाल्या. देवघराशेजारची वही काढली. गुरुवार, सकाळी साडेआठ: १००८. साडेअकरा: १००७. दुपारी अडीच: १००५. साडेपाच: १००४. मग पाटीवर एक बेरीज केली, एक वजाबाकी केली आणि मोठ्यानं हसल्या.

मागोमाग धापा टाकत बापूराव पोचले. "काय झालं ताई?"

"बापूराव, उद्या कारखान्यात रजा टाका. पूर्वरंग सकाळी दहाला आणि उत्तररंग चारला. दोन्ही गगनवेधमध्ये!"

६

शनिवारी दहा वाजता संस्थेचे अध्यक्ष दत्तप्रसाद हँगरमध्ये खुर्ची टाकून बसले. निवृत्त प्राचार्य. विमान चालवत नसत, शिस्त चालवत. सगळे हजर होते.

"दहा मिनिटं देतो," ते कौशल्याबाईंना म्हणाले. "वेळेचं भान ठेवावं."

"वेळेचंच तर बोलायचंय. शेफाली, आत्ताचा दाब?"

"१००८."

"कॅप्टनसाहेब, तुम्हीच बसा विमानात. १००८ लावा. काटा किती?"

"एकोणीसशे," विक्रम म्हणाले.

"म्हणजे यंत्र निर्मळ आहे, फुटाचीही खोट नाही. आता १०१३ लावा, मुलीनं लावला म्हणता तो. काटा?"

"दोन हजार पन्नास. बरोबरच आहे, पाच गुणिले तीस. मी हेच म्हणत होतो."

"हेच म्हणत होतात. पण प्राचार्यसाहेब, रजिस्टरातल्या फोटोत काटा कुठे आहे?"

दत्तप्रसादांनी भिंग लावलं. "दोन हजार... एकशे सत्तर."

"तोच आकडा, तीच धावपट्टी, तीच सकाळची दहाची वेळ. दाबही तोच, १००८, परवा शेफालीच्या वहीत आणि आज तिच्या तोंडी. मग हे वरचे एकशेवीस फूट आले कुठून?"

विक्रम खाली उतरले. "जुनं यंत्र आहे. थोडं इकडेतिकडे होतं."

"आत्ता तुम्हीच वाचून दाखवलंत, इकडेतिकडे काही होत नाही." बाईंनी पिशवीतून देवळातली पोथीच्या वेष्टनाची दोरी आणि लाखेची कांडी काढली. "साहेब, हे दार बांधा आणि तुमची मोहोर करा. आत १०१३ तसंच राहू दे. विमान जागचं हलवायचं नाही. आपण चारला पुन्हा भेटू."

"चारला काय होणार आहे?"

"हे विमान जागच्या जागी वर चढणार आहे."

कुणीतरी हसलं. विक्रम मात्र हसले नाहीत.

७

सहा तास. कादंबरी आणि शेफालीनं अध्यक्षांच्या सांगण्यावरून दारासमोर सतरंजी टाकली. बापूरावांचा डबा सगळ्यांनी वाटून खाल्ला.

अडीचला पश्चिमेकडून ढग आले. कौशल्याबाईंच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली.

"काय झालं मावशी?"

"वळीव कोसळला तर गार वारा सुटतो आणि दाब एकदम वर उडी मारतो. मग काट्याची साक्ष बिघडेल. आणि साहेबांनी फक्त आजचाच दिवस दिलाय."

कादंबरीनं ढगांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, गजर करू या का? लहान असताना बाबा वीज कडाडली की म्हणायचे."

विठ्ठल नामाचा गजर हँगरच्या पत्र्यावर आपटून घुमू लागला. बापूरावांनी रिकामा डबा उपडा घालून ठेका धरला. शेफाली आधी नुसतीच ऐकत होती, दुसऱ्या आवर्तनाला तीही टाळ्या देऊ लागली. तीन वाजता चार थेंब पडले. सव्वातीनला वारा फिरला आणि ढग सासवडच्या डोंगरावर जाऊन बसले. ऊन पुन्हा तापलं.

विक्रम एकटेच कुंपणापाशी उभे राहून बाभळींकडे बघत होते.

८

चारला दत्तप्रसादांनी स्वतः मोहोर तोडली, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"साहेब?" बापूरावांना राहवेना. "किती आहे जी?"

आतून खर्जातला आवाज आला, "दोन हजार एकशे सत्तर!"

कादंबरीनं वडिलांचा हात घट्ट धरला.

"आता ऐका," कौशल्याबाई पुढे आल्या. झांजा नव्हत्या, पण उभं राहणं कीर्तनातलंच. "समुद्राला भरती-ओहोटी असते, तशी हवेलाही असते. रोज. आपल्या प्रांतात हवा सकाळी दहाला सगळ्यांत जड आणि दुपारी चारला सगळ्यांत हलकी. चौतीस वर्षं मी तिची ही ये-जा लिहिली. मे महिन्यात दहा ते चारमध्ये चार मिलिबारचा फरक, म्हणजे एकशेवीस फूट. हवा हलकी झाली, की बिचाऱ्या काट्याला वाटतं आपण वर चढलो. तो उभ्या उभ्या चढतो, गवसणीतला तबला चढतो तसा. खिडकीतला आकडा माणूस फिरवतो; काटा देव फिरवतो."

दत्तप्रसाद बाहेर आले. "म्हणजे हा फोटो..."

"सकाळी दहा दहाचा नाही. गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराचा आहे. फोटोत घड्याळ नव्हतं, त्याचा फायदा घेतला गेला. पण अल्टिमीटर हेच घड्याळ होतं. ज्यानं १०१३ लावलं त्याला काटा चुकलेला दिसायला हवा होता, आणि तो चुकलेला होताच. किती चुकलेला हवा, एवढं मोजायचं राहून गेलं."

"फोटो उशिरा काढला असेल मी," विक्रम म्हणाले. "वेळ चुकून लिहिली. म्हणून ती निर्दोष ठरते?"

"सकाळी घासलेल्या बाभळीची पानं संध्याकाळी पाचला टवटवीत कशी? मेच्या उकाड्यात तोडलेली बाभूळ तासा-दोन तासांत मान टाकते." बाई वळल्या. "श्याम, बाळा, पाचला टाकी कशी होती? तुला कुणी बोलणार नाही."

श्यामनं अध्यक्षांकडे पाहिलं, मग कादंबरीकडे. "अकराला काठोकाठ भारली व्हती. पाचला बोटभर खाली. मला वाटलं गळती हाय, माझ्यावर येईल. म्हनून गप ऱ्हायलो. कादंबरीताई, माफी करा."



"विक्रम," दत्तप्रसाद शांतपणे म्हणाले, "वीज नव्हती, रेडिओ बंद, माणूस नाही. विमान कुणी काढलं?"

कॅप्टननी टोपी काढून हातात घेतली. "भाच्याचं प्री-वेडिंग शूट होतं. दोघं बाभळींपलीकडे उभी होती. त्यांना विमान डोक्यावरून हवं होतं, अगदी खालून. एकच फेरी मारायची होती." त्यांनी मान वर केली नाही. "अठरा वर्षांची नोकरी डोळ्यांपुढे आली. हिचं वय लहान आहे, हिला पुन्हा संधी मिळेल असं वाटलं."

"मला नसती मिळाली, सर," कादंबरी म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं हे पहिलं मोठ्या आवाजातलं वाक्य होतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नसती मिळाली."

दत्तप्रसादांनी रजिस्टर उघडलं, फोटोवर लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'वेळ खोटी. विद्यार्थिनी निर्दोष.' मग पेन टोपणात घालत म्हणाले, "दिल्लीला अहवाल जाणारच आहे. नाव तेवढं बदलेल. कुमारी कादंबरी, गुरुवारी परीक्षा. सकाळी दहा. उशीर चालणार नाही."

बापूराव खाली बसले आणि उपड्या डब्यावर त्यांनी अशी काही तिहाई वाजवली, की शेफाली म्हणाली, "अहो काका, डबा स्टीलचा आहे, तबला नाही."

"आज दोन्ही माह्याच पट्टीत आहे," बापूराव म्हणाले.

९

पुढच्या गुरुवारी, नऊ वाजून बावन्न मिनिटांनी, रेडिओच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. दोन शेफालीनं स्वतः मागवल्या होत्या.

खरखरीतून आवाज आला. परीक्षकांना शेजारी घेऊन कादंबरी उतरायला निघाली होती.

"दाब १००७," शेफालीनं सांगितलं.

"१००७," वरून आकडा परत आला, ठणठणीत, समेवर यावा तसा.

बापूराव आणि कौशल्याबाई बाहेर धावले. पूर्वेकडून ठिपका आला, पंख झाले, चाकं दिसली. विमान बाभळींच्या शेंड्यांवरून इतक्या उंचावरून गेलं की वरचा बगळासुद्धा उडाला नाही. मग चाकं अशी टेकली की धूळ उठली तेवढ्यानंच कळलं.

दार उघडून कादंबरी बाहेर आली. तिनं सगळ्यांत आधी श्यामला हाक मारली, "श्यामदादा, फोटो काढा! कशालाही हात लावला नाही."

श्यामनं कॅमेरा आत नेला, डोळा लावला आणि तिथूनच ओरडला, "एकोणीसशे! बाई, एकोणीसशे हाय!"

कौशल्याबाईंनी हात जोडले, कंबरेची झांज काढली आणि धावपट्टीच्या कडेला, भर उन्हात, गजर सुरू केला. बापूरावांजवळ वाजवायला काहीच नव्हतं. ते दोन्ही हातांनी कुंपणाच्या पत्र्यावर ठेका धरून उभे राहिले आणि सम एकदाही चुकली नाही.